कातालिनाचा आवाज

३ ऑगस्ट १६४६, माबोलो, मनिलाजवळ

पाद्री आन्सेल्मोंनी आज मला ही वही दिली. मागच्या शनिवारी कबुलीजबाबासाठी गुडघे टेकले आणि मला एकही पाप आठवेना. ते जाळीपलीकडून म्हणाले, "फाबियान, एकतर तू संत आहेस नाहीतर विसराळू. आणि माबोलोत मला अजून संत दिसलेला नाही." म्हणून ही वही. रोजची पापं टिपायची आणि शनिवारी वाचून दाखवायची. अर्धी पानं वाळवीने खाल्लीत, पण माझ्या पापांना उरलेली पुरतील.

आजचं पाप: चर्चच्या कोंबडीचं अंडं घरी नेलं. कोंबडी चर्चची असली तरी दाणे माझ्या अंगणात टिपते, त्यामुळे पाप किती मोठं ते सांगता येत नाही.

दुसरं: स्पॅनिश साहेबांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. वेठीची नवी यादी आली आहे. जहाजांना डोलकाठ्या हव्यात, म्हणून डोंगरात लाकूडतोडीला आमच्या गावातून अकरा जण जायचे. चौथं नाव तिबुर्सियोचं आहे. माझा एकुलता एक. मागच्या खेपेला नऊ गेले आणि पाच परत आले. त्यातल्या एकाला ताप चढला की तो अजून अंगणात बसून ओंडके मोजतो.

७ ऑगस्ट

तोफखान्याचा अंमलदार आला होता. वलंदेजांची, म्हणजे डचांची, गलबतं उपसागराच्या तोंडाशी घिरट्या घालताहेत. त्यांना मनिला हवी, चीनचं रेशीम हवं, मसाल्याची सगळी वाट हवी. स्पॅनिशांना यातलं काही सोडायचं नाही. जहाजं आहेत, पण त्यांवर चढवायला तोफा पुरेशा नाहीत, म्हणून गावोगावच्या घंटा वितळवायच्या ठरल्या आहेत. आमची कातालिना त्याच्या यादीत आहे.

घंटा वाजवणं हे माझं काम. अठ्ठावीस वर्षं कातालिनाची दोरी माझ्या हातात आहे. ती ओतली तेव्हा माझी सासू तिची धर्ममाता झाली होती आणि तिने कानातली सोन्याची कुडी वितळत्या धातूत टाकली होती. गावच्या सगळ्या बायकांनी काही ना काही टाकलं. आमच्याकडे तशीच रीत आहे, त्याशिवाय घंटेला गोडवा येत नाही.

मी अंमलदाराच्या पुढ्यात टोपी काढून उभा राहिलो. म्हटलं, साहेब, घंटा आम्ही राजीखुशीने देतो. पण आमच्या घंटेची तोफ आमच्याच पोरांनी चालवावी, एवढीच गावाची इच्छा. सहा जण देतो. त्यांची नावं तेवढी लाकूडतोडीच्या यादीतून काढा. पाद्रींनीही शब्द टाकला. अंमलदार हसला आणि हो म्हणाला. पहिलं नाव मी तिबुर्सियोचं सांगितलं.

डोंगरात माणसं तापाने मरतात, ओंडक्याखाली मरतात, उपासाने मरतात. जहाजावर निदान भात मिळतो. आज कित्येक दिवसांनी मला जेवण गेलं.

आजचं पाप: गावाची इच्छा म्हणून सांगितली ती माझी एकट्याची होती.

१२ ऑगस्ट

कातालिना खाली उतरवली. वीस माणसं लागली. बायका रडत होत्या. आता मनोऱ्यात फक्त छोटी घंटा उरली आहे, ती शेळीच्या गळ्यातली असावी तशी वाजते.

उर्सुलाला मी वाटाघाटीचं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बायको कौतुक करील. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "दोघे परके आपल्या पाण्यात भांडणार. घंटा आपली, पोरगा आपला. त्यांचं स्वतःचं काय आहे रे त्यात?" मी म्हटलं, पोरगा डोंगरात मेलेला तुला चालला असता का? त्यावर तिने अडकित्ता जरा जोरात चालवला. तो तिच्या आईचा. मुठीला लोखंडी कोंबड्याचं तोंड आहे आणि कोंबड्याचा एक डोळा कधीच पडून गेला आहे. गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, अंधारात हात लावून ओळखेल.

पाप: बायकोशी चढ्या आवाजात बोललो.

२१ ऑगस्ट

काविते बंदरात भट्टी लावली आहे. मी, पाद्री आणि आमची सहा पोरं रोज होडीने जातो. पोरं कोळसा वाहतात आणि भाता ओढतात.

ओतारी चिनी आहे, तियांको नावाचा. मी त्याला ओळखतो. कातालिना ओतली त्याच्या बापाने, आणि तेव्हा हा भात्यावर होता. त्याचा बाप मला शेजारी बसवून धातूवर टिचकी मारायचा आणि कुठे काय ऐकू येतं ते विचारायचा. तियांको आता साठीला आला. बाप्तिस्मा घेतलेला नाही. गळ्यात क्रूस नसलेला माणूस आपल्या घंटेवर घण घालतो हे मला बघवत नव्हतं.

घंटा फोडताना त्याने एक तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाला, "बघ, काशासारखं कडक आहे. कथील जास्त. घंटेला गोड बोलायचं असतं, फाबियान, तोफेला मार खायचा असतो. मला यात तांबं घालावं लागेल, भरपूर." त्याने जेवढं तांबं मागितलं त्याच्या निम्मं आलं. अंमलदार म्हणाला, भागव.

तिबुर्सियो त्याच्यामागे शेपटासारखा फिरतो. हे काय, ते कशाला. रात्री जेवतानाही मला भट्टीचंच सांगतो. पोरगा खूश आहे, माझा जीव भांड्यात पडला.

४ सप्टेंबर

आज तोफ ओतली. हे नीट लिहायला हवं, कारण पाप नेमकं कोणाचं ते मला ठरवता येत नाही.

साचा खड्ड्यात उभा पुरलेला होता. भट्टीपासून साच्याच्या तोंडापर्यंत मातीची पन्हळ. तियांकोने भोवती बांबूचं कुंपण घातलं होतं आणि फाटकावर मला बसवलं होतं. धातू वाहत असताना कोणालाही आत सोडायचं नाही, साच्यात काहीही पडता कामा नये, हे त्याने मला तीनदा बजावलं. मी म्हटलं, मी काय बहिरा आहे?

सकाळी गावच्या बायका चार होड्या भरून आल्या. उर्सुलाही होती. सगळ्यांच्या पदरात काहीतरी बांधलेलं. पाद्री साच्याला आशीर्वाद द्यायला पुढे झाले आणि त्यांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, तर तियांकोने त्यांचं मनगट धरलं. सगळ्या गावासमोर एका काफराने पाद्रींचा हात धरला. तो म्हणत होता की पाण्याचा थेंब गेला तर सगळे उडू. पाद्रींचा चेहरा पांढराफटक पडला. मला भयंकर राग आला.

मग त्याने भट्टीचं तोंड फोडलं आणि धातू वाहायला लागला. बायका फाटकाशी आल्या. म्हणाल्या, फाबियान, तोफेचं नाव कातालिनाच ठेवलंय ना? आमची पोरं तिच्याजवळ उभी राहणार ना? मग आम्ही रिकाम्या हाताने परत जायचं का? मी पाद्रींकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मी फाटक उघडलं.

त्यांनी पन्हळीत टाकलं, कोणी कुड्या, कोणी चांदीचे क्रूस, कोणी बाळाच्या पायातला वाळा. पन्हळ दोनदा तुंबल्यासारखी झाली आणि पुन्हा वाहिली. तियांको त्याच्या भाषेत ओरडत होता, पण भट्टी फोडल्यावर थांबवता येत नाही. सगळं संपल्यावर तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला.

रीत ती रीत. त्याच्या बापाने कधी अडवलं नव्हतं. तरी लिहून ठेवतो: त्याला दिलेला शब्द मोडला. लहान पाप.

१३ सप्टेंबर

साचा फोडून तोफ बाहेर काढली. घासून पुसून आडवी ठेवली तेव्हा सोन्यासारखी दिसत होती. माझी घंटा तिच्यात कुठे आहे ते मी शोधत होतो.

तियांकोने छोटी हातोडी घेतली आणि तोंडापासून बुडापर्यंत वीतभर अंतरावर टिचक्या मारत गेला. बुडाजवळ एका जागी थांबला. पुन्हा मारली. मग अंमलदाराला म्हणाला, इथे बोलत नाही. आत पोकळी आहे किंवा काहीतरी अडकलंय. मोडून पुन्हा ओतायला हवी, महिना द्या.

अंमलदाराकडे महिना नव्हता. आठवड्यात जहाज निघायचं होतं. तो वैतागून म्हणाला, चिनी लोकांना नेहमीच अजून एक महिना हवा असतो. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "तू घंटावाला ना? ऐक आणि सांग."

मी हातोडी घेतली. सगळीकडे आवाज लांब गेला, खणखणीत. बुडाजवळ त्या जागी जरासा बसका आला. अगदी जरासा. दमट हवेत काहीही बसकं वाटतं. आणि मी उभा राहून विचार काय करत होतो? तोफ मोडली तर जहाज तिच्याविना जाणार. सहा पोरं मोकळी होणार. लाकूडतोडीची दुसरी टोळी सोमवारी निघते.

तिबुर्सियो समोर उभा होता, कोळशाने काळा झालेला, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "स्वच्छ आहे, साहेब."

तियांकोने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.

पाप आहे का यात? अंमलदाराने माझं मत विचारलं आणि मी दिलं. कान माझा आहे. शनिवारी हे वाचायचं की नाही ते बघू.

१८ सप्टेंबर

तोफ जहाजावर चढली. तियांको म्हणत होता, भरपूर दारू ठासून तीन बार काढून बघा. अंमलदाराने अर्ध्या दारूचा एकच बार काढला. काही झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांत जास्त.

पोरांना निरोप दिला. उर्सुलाने तिबुर्सियोला सुकी मासळी आणि केळीच्या पानात बांधलेला भात दिला. तो मला म्हणाला, "आमांग, तुमची कातालिना आता मी वाजवणार." बापाची चेष्टा करायची त्याची सवय जुनीच आहे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर सुपारी मागितली तर उर्सुला खलात कुटायला बसली. अडकित्ता कुठे विचारलं तर म्हणाली, सापडत नाही. आईची वस्तू हरवते आणि हिला काही वाटत नाही. दोन आठवडे झाले म्हणे. मी बोललो, बरंच बोललो. तिने मान वर केली नाही.

पाप: अडकित्त्यावरून बायकोला घालूनपाडून बोललो. अंडं: एक.

२५ सप्टेंबर

आज लढाई झाली. मी पहाटेपासून मनोऱ्यात होतो आणि सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे धूर पाहिला. वलंदेजांची पाच गलबतं आणि आपली तीन जहाजं. वारा पडला होता, त्यामुळे जो तो जागच्या जागी खिळल्यासारखा उभा राहून दुसऱ्याला हाणत होता.

पण मी ऐकलं. इतक्या तोफांमध्ये मला आमची कातालिना ओळखू आली. इतरांचा आवाज धपकन पडतो. हिच्या आवाजाला शेवटी एक बारीक ओढ आहे, घंटेत होती तशीच. गावकरी खाली जमले होते, मी वरून ओरडून सांगत होतो: ही आपली, ही पण आपली. नऊ वेळा बोलली. आणि दहाव्यांदा जी बोलली, ती सगळ्यांत मोठ्याने. मनोऱ्याची पाखरं उडाली. मी उर्सुलाला म्हटलं, ऐकलंस, हा तिबुर्सियो.

त्यानंतर ती बोलली नाही. दारू संपली असणार, किंवा वलंदेज माऱ्याबाहेर गेले. दुपारी ते खरोखरच मागे फिरले. एक कललेलं गलबत त्यांनी ओढत नेलं. पाद्रींनी जपमाळेच्या देवमातेचा विजय झाला असं जाहीर केलं. मी छोटी घंटा इतकी वाजवली की हाताला फोड आले. सगळा गाव माडी प्यायला, मीही प्यालो. हे पाप असेल तर असो.

२७ सप्टेंबर

सेवेरो परत आला. सहांपैकी तो एकटाच. दहाव्या बाराला तो खालून दारूची पिशवी आणायला गेला होता.

वलंदेजांचा गोळा नव्हता. तोफ फुटली. बुडाजवळून.

५ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. तिबुर्सियोचा सदरा मिळाला. पुरला.

१६ ऑक्टोबर

काविते इथे चौकशी झाली. तियांकोला साखळीत आणलं होतं. विजयाच्या मिरवणुकीची तयारी चालली आहे आणि आपल्याच तोफेने आपले पाच गोलंदाज आणि दोन खलाशी मेले, हे कोणाच्या तरी नावावर घालायला हवं होतं. अंमलदाराने पहिल्याच वाक्यात घातलं: चिन्याने मुद्दाम वाईट धातू ओतला, वलंदेजांना फितूर असावा.

तियांको एकच मागत होता. तुकडे जहाजावर पडलेत, ते आणा, तडा जिथून गेला ती जागा बघा. अंमलदार म्हणाला, त्याची गरज नाही. मग मला बोलावलं. माझा मुलगा गेला होता, त्यामुळे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

विचारलं, ओतताना साच्यात काही पडलं का?

मी फाटक उघडलं हे सांगितलं असतं तर गावच्या चाळीस बायकांना उद्या तिथे चौकशीला उभं केलं असतं. त्यातल्या पाच जणींची पोरं त्या तोफेने खाल्ली आहेत. पाद्री माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी जपमाळेवरून नजर उचलली नाही. मी म्हणालो, नाही.

विचारलं, ओताऱ्याची वागणूक कशी होती? मी म्हणालो, त्याने पवित्र पाणी अडवलं. हे खरंच आहे. सगळ्यांनी पाहिलं.

त्याला दहा वर्षं वल्ही मारायची शिक्षा झाली. साठ वर्षांचा माणूस दहा वर्षं वल्ही मारत नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. नेताना तो माझ्याजवळ थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणाला, "फाबियान, तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा बापही म्हणायचा."

शेवटच्या घटकेलाही मस्का लावून सुटका होईल असं त्याला वाटलं असावं. मी असंच लिहितो. दुसरा कुठला अर्थ मला आज पेलणार नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. थडग्यावर मेणबत्ती लावली, भात ठेवला. सदऱ्याचं थडगं आहे ते.

सेवेरो आला होता. त्याला एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे तो ओरडून बोलतो आणि सगळं कब्रस्तान ऐकतं. तो म्हणाला, जहाज निघायच्या आधी तियांको धक्क्यावर आला होता. पोरांना म्हणाला, बत्ती लांब काठीला बांधा, बार काढताना बुडापासून दूर राहा. इतर पोरं घाबरली, लांब उभी राहायला लागली. तिबुर्सियो हसला.

"तो म्हणाला, माझ्या बापाने कान लावून ऐकलंय. आमांग स्वच्छ म्हणाले म्हणजे स्वच्छच. आणि पहिल्या बारापासून तोफेला टेकून उभा राहिला, काका. मग आम्हालाही लाज वाटायला लागली लांब राहायची."

उर्सुला शेजारी उभी होती. सेवेरोचं बोलणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी त्याचा दंड दाबला. त्याला कळलं नाही. त्याने तेच पुन्हा एकदा सांगितलं, आणखी मोठ्याने.

१२ नोव्हेंबर

तोफेचे तुकडे आले. जहाजाच्या कप्तानाने गावाच्या त्यागाबद्दल परत दिले आहेत, नवी घंटा ओतायला. ओतारी मनिलाहून दुसरा येणार. तुकडे धुऊन, वाळू आणि लाकडाच्या ढलप्या काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

सातवा की आठवा तुकडा बुडाजवळचा होता. माझ्या तळहाताएवढ्या जाडीची भिंत मधोमध फाटलेली. फाटलेल्या जागी धातू मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, आणि त्या भोकांच्या मध्ये काहीतरी काळं. आतला गाभा धरायला तियांकोने जो लोखंडी आधार ठेवला होता, त्याला अडकून बसलेलं. मी बोटाने घासलं. कोंबड्याचं तोंड होतं. एक डोळा पडलेला.

तुकडा कापडात गुंडाळून मनोऱ्यात नेऊन ठेवला. हा तुकडा अंमलदाराला दाखवला तर तियांको कदाचित सुटेल. हा तुकडा गावात कोणीही पाहिला तर अडकित्ता कोणाचा हे विचारावं लागणार नाही. पोरगा तर गेलाच, निदान त्याच्या आईला हे कळू नये. म्हणून गप्प बसायचं, असं मी ठरवलं. ठरवल्यावर मला बरं वाटलं. चांगल्या माणसासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर

उर्सुला संध्याकाळी खलात सुपारी कुटत होती. न थांबता तिने विचारलं, "तुकडे धुऊन झाले का सगळे?"

मी हो म्हटलं.

"माझा अडकित्ता होता का त्यात?"

मी म्हटलं, कसला अडकित्ता, तो तर हरवला ना तुझा.

तिने बत्ता खाली ठेवला. "तू तोफेला कान लावून साहेबाला उत्तर दिलंस ना, तसाच चेहरा झालाय तुझा आत्ता. माझ्याकडे टाकायला दुसरं काय होतं? सोनं आईने आधीच घंटेत घातलेलं. म्हटलं, आईची वस्तू आहे, तिच्या घंटेजवळ राहील, पोराला सांभाळेल. टाकल्याबरोबर त्या चिन्याचं तोंड पाहिलं मी. तेव्हाच कळलं होतं. पण तू स्वच्छ म्हणालास. मी तुझं धरून बसले."

मग ती म्हणाली की तिबुर्सियोला तिने मारलं आणि तियांकोला वल्ह्यावर तिनेच बसवलं. मी म्हटलं, तू नाही. पुढचं वाक्य 'मी' या शब्दाने सुरू होत होतं. ती वाट बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिने बत्ता उचलला.

१६ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर ती घरात नव्हती, आणि मनोऱ्यातला तुकडाही नव्हता. ती तो ओच्यात घेऊन पाद्रींकडे गेली होती. दुपारी रिकाम्या हाताने परत आली.

पाद्रींनी तिचं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाले, मुली, देवाला दिलेल्या दानात दोष नसतो. दुःखाने तुझं डोकं ठिकाणावर नाही. निकाल लागला आहे, विजयाची कागदपत्रं राजाकडे रवाना झाली आहेत, आता यात गावाला ओढू नकोस. तुकडा त्यांनी ठेवून घेतला. नव्या घंटेत जाईल म्हणाले.

ती अंमलदाराकडेही जाणार होती. त्याची बढती झाली असून तो आता काविते इथे नसतो.

ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पाठ चोळून देते, सगळं करते. घरात फक्त बत्त्याचा आवाज असतो.

१९ डिसेंबर

घंटा काल चढवली. नाव पुन्हा कातालिना. नवा ओतारी तरुण आहे आणि कोणालाही काहीही टाकू देतो. उरल्यासुरल्या कुड्या गेल्या. उर्सुला आली नव्हती.

आज पहिल्यांदा वाजवायची होती. सगळा गाव अंगणात, पाद्री सोन्याच्या झग्यात. मी दोरी ओढली. पहिल्याच ठोक्याला मला कळलं. पश्चिमेकडच्या बाजूला, ओठापासून वीतभर वर, बसकी आहे. वर्षा-दोन वर्षांत तडकेल. बायकांनी डोळे पुसले. गोड आहे म्हणाल्या, पहिलीपेक्षाही गोड.

पाद्रींनी वर बघून विचारलं, "काय फाबियान, कशी बोलते?"

मनोऱ्यातून उपसागर दिसतो. काविते बंदराबाहेर वल्ह्यांचं जहाज उभं होतं, वल्ही वर उचललेली, भरतीची वाट बघत. वारा इकडून तिकडे होता. तिथे घंटा नक्की ऐकू गेली असणार. तियांको अजून जिवंत असेल तर त्याला पहिल्याच ठोक्याला कळलं असणार, आणि मला कळलं आहे हेही त्याला कळलं असणार.

मी म्हणालो, "स्वच्छ आहे, फादर."

संध्याकाळी कबुलीजबाबाला गेलो. वही उघडून वाचलं: दोन अंडी, एकदा माडी, शेजाऱ्याच्या डुकराला दगड मारला. मधली पानं उलटताना जरा वेळ लागला. पाद्रींनी थांबू दिलं, विचारलं काही नाही. शेवटी जाळीपलीकडून म्हणाले, "हल्ली तुझी पापं फार लहान झालीत, फाबियान." तीन वेळा जपमाळ म्हणायला सांगितली. मी घरी येऊन म्हटली. उर्सुला शेजारच्या खोलीत सुपारी कुटत होती, आणि घंटेची वेळ झाली तेव्हा तिने बत्ता खाली ठेवून दोन्ही कानांवर हात धरले.